प्रस्तावना : दिशा, तोल आणि पृथ्वीचे चुंबकत्व

अनेक प्राण्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाण होते, हे आता जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारले आहे. ती जाण नेमक्या कोणत्या पेशीत उमटते, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मात्र अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. दृष्टी, श्रवण, गंध यांची इंद्रिये आधी सापडली आणि त्यांचे कार्य मागाहून उलगडत गेले. चुंबकसंवेदनाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला, कारण येथे वर्तन आधी दिसले आणि इंद्रियाचा शोध अद्याप चालू आहे. प्रकाश शरीरात यावा म्हणून डोळ्याला बाहुली लागते आणि ध्वनीसाठी कानाला पडदा लागतो. चुंबकीय क्षेत्र हाडामांसातून अडथळ्याविना आरपार जात असल्याने त्याच्या संवेदकाला शरीराच्या पृष्ठभागावर असण्याची गरज नाही, आणि तो शरीरात कोठेही विखुरलेला असू शकतो. संशोधकांची मुख्य अडचण येथे आहे, आणि या क्षेत्रात परस्परविरोधी संप्रदाय निर्माण होण्याचे कारणही हेच आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या संप्रदायांची ओळख मराठी वाचकाला करून देतो आणि त्यांच्या वादांतून एक सूत्र पुढे मांडतो : सजीवाची दिशेची जाण त्याच्या तोलाच्या जाणिवेपासून वेगळी काढून समजत नाही.

या सूत्राचा आधार भौतिकीत आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र केवळ उत्तर दिशा दाखवत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याला तीन मोजण्याजोगी लक्षणे असतात. क्षेत्राचे बळ म्हणजे तीव्रता, भौगोलिक उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतील फरक म्हणजे दिक्पात, आणि क्षेत्ररेषा क्षितिजाशी जितकी झुकलेली असते तो नतिकोन. दिल्लीत क्षेत्राची तीव्रता सुमारे ४८ मायक्रोटेस्ला असून दिक्पात जेमतेम एका अंशाच्या आसपास आहे. नतिकोन मात्र सुमारे ४५ अंश आहे, म्हणजे येथील क्षेत्ररेषा जितकी उत्तरेकडे जाते जवळजवळ तितकीच जमिनीत शिरते. अलिबागला हाच कोन सुमारे २७ अंशांवर येतो, भारताच्या दक्षिण टोकाजवळ तो शून्य होतो, कारण तेथून चुंबकीय विषुववृत्त जाते, आणि मंगोलियातील सरोवरांच्या प्रदेशात तो ६५ अंशांपलीकडे पोहोचतो. हा कोन ओळखण्यासाठी प्राण्याला आधी ‘खाली’ कोणते हे ठाऊक असावे लागते. गवंड्याला भिंतीचा कल ओळंब्याशिवाय सांगता येत नाही, तसेच गुरुत्वाकर्षणाची दिशा न कळणाऱ्या शरीराला नतिकोनाचा काहीही उपयोग नाही. त्यामुळे तोल सांभाळणारे इंद्रिय आणि दिशा दाखवणारे इंद्रिय यांचा विचार एकत्र करणे भाग पडते.

तोलाच्या इंद्रियाचा शोध आणि चुंबक यांची गाठ फार पूर्वी पडलेली आहे. कोळंबीच्या डोक्याशी एक बारीक पुटी असते. तिच्यात वाळूचे कण असतात आणि शरीर कलंडले की ते कण पुटीच्या आतल्या संवेदी केसांवर दाब देतात. कात टाकताना कोळंबी हे कणही टाकून देते आणि नंतर भोवतालचे नवे कण आत भरून घेते. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइड्ल यांनी १८९३ साली कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला आणि मग बाहेरून चुंबक धरला. कोळंब्या चुंबकाच्या ओढीला ‘खालची बाजू’ समजून कलंडल्या, आणि ही पुटी ऐकण्यासाठी नसून तोलासाठी आहे हे त्यातून सिद्ध झाले. कोळंबीला निसर्गतः चुंबक कळतो असे या प्रयोगातून निघत नाही; मात्र एखाद्या संवेदी केसावर जड कण नेमून शरीर दिशा कशी ओळखू शकते, याचा स्पष्ट नमुना त्याने घालून दिला. त्याआधी ११ वर्षे, १८८२ मध्ये, कामिय व्हिगिए यांनी कानाच्या आत असलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतील द्रवात पृथ्वीच्या क्षेत्रामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होत असावेत आणि प्राण्यांची दिशेची जाण तेथे असावी, अशी कल्पना मांडली होती. ती कल्पना शतकाहून अधिक काळ पडून राहिली.

वर्तनाच्या अभ्यासाचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. स्थलांतर करणारे पक्षी चुंबकीय ध्रुवाचा वेध घेत असावेत, असा तर्क अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी रशियातील पक्ष्यांच्या आगमनाच्या नोंदींवरून १८५५ मध्ये केला; पण त्याला प्रयोगाचा आधार मिळण्यासाठी विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. फ्रँकफुर्टमध्ये फ्रीड्रिख मेर्केल आणि वोल्फगांग विल्चको यांनी युरोपीय रॉबिन या लहान पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवून कृत्रिम क्षेत्र फिरवले, तेव्हा त्याच्या स्थलांतरकाळातील रात्रीच्या धडपडीची दिशाही फिरली. १९७२ साली वोल्फगांग आणि रोस्विता विल्चको यांनी याहून सूक्ष्म निष्कर्ष काढला. क्षेत्राचा केवळ उभा घटक उलटा केला की पक्षी विरुद्ध दिशेला वळत. उभा आणि आडवा असे दोन्ही घटक एकदम उलटे केले तर मात्र त्यांच्या दिशेत काही फरक पडत नसे. याचा अर्थ असा की, माणसाच्या होकायंत्राप्रमाणे हा पक्षी उत्तर आणि दक्षिण ध्रुव वेगळे ओळखत नाही. क्षेत्ररेषा आणि गुरुत्वाची दिशा यांच्यातला कोन पाहून तो ‘ध्रुवाकडे’ आणि ‘विषुववृत्ताकडे’ एवढाच भेद करतो. तोल आणि दिशा यांचे नाते प्रयोगात उघड झाले ते येथे, आणि म्हणून या ग्रंथात त्या प्रयोगाला मध्यवर्ती स्थान आहे.

दिशा कळणे आणि आपण कोठे आहोत हे कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुस्ताफ क्रामर यांनी १९५०च्या दशकात ‘नकाशा’ आणि ‘होकायंत्र’ असा भेद करून हा विचार मांडला. ए. सी. पेर्डेक यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेदरलँड्समध्ये पकडलेले हजारो स्टार्लिंग पक्षी स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडण्यात आले. प्रथमच प्रवास करणारी पिल्ले जुन्या दिशेला समांतर उडत भलत्याच देशांत पोहोचली, तर अनुभवी पक्ष्यांनी जागा बदलल्याचे ओळखून आपला मार्ग सुधारला. पिल्लांकडे होकायंत्र होते, प्रौढांकडे नकाशाही होता. समुद्री कासवांवरील केनेथ लोहमन यांच्या संशोधनाने पुढे दाखवले की, अटलांटिकमधील निरनिराळ्या ठिकाणांच्या नतिकोनाचे व तीव्रतेचे क्षेत्र टाकीत निर्माण केले तर नुकतीच जन्मलेली पिल्ले त्या त्या ठिकाणी उपयोगी पडेल अशा दिशेने पोहतात. त्याच परंपरेतील २०२५ सालच्या अभ्यासात, रेडिओलहरींमुळे कासवांचे होकायंत्र बिघडते पण नकाशा शाबूत राहतो, असे आढळले. त्यामुळे एकाच प्राण्यात दोन भिन्न चुंबकीय यंत्रणा असू शकतात या मताला बळ मिळाले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली, या घटनेने मराठी वाचकाला हा विषय आपल्या किनाऱ्याशी जोडता येतो. पण एक कासव दोन किनाऱ्यांवर दिसले, एवढ्यावरून ते चुंबकीय नकाशाने आले असे म्हणता येत नाही, ही सावधगिरीही तेथेच शिकता येते.

क्षेत्र कसे टिपले जाते, याविषयी आज तीन प्रमुख मते आहेत. पहिले मत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये चिखलातील असे जिवाणू वर्णिले की ज्यांच्या पेशीत या खनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांची माळ असते आणि त्या माळेमुळे पेशी क्षेत्ररेषेच्या दिशेत वळते. उत्तर गोलार्धात ही रेषा खाली झुकलेली असल्याने तिच्यामागे पोहणारा जिवाणू आपोआप तळाच्या, कमी प्राणवायूच्या थराकडे जातो. म्हणजे येथे चुंबकत्वच ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा भेद करून देते. मेलेला जिवाणूही क्षेत्रात तसाच वळतो, म्हणून काटेकोर अर्थाने याला संवेदना म्हणता येत नाही. प्राण्यांतही असे स्फटिक चेतापेशीच्या पडद्याला ताण देत असतील, असे या मताचे समर्थक मानतात, आणि अंधाऱ्या बिळात राहूनही ध्रुवभेद ओळखणारे आफ्रिकेतील भूमिगत उंदीर हा त्यांचा आवडता पुरावा आहे. या मताला मोठा धक्का २०१२ मध्ये बसला, जेव्हा कबुतराच्या चोचीत सापडलेल्या लोहयुक्त पेशी चेतापेशी नसून शरीरातील टाकाऊ द्रव्ये गिळणाऱ्या रक्षक पेशी आहेत, असे डेव्हिड कीज यांच्या गटाने दाखवले.

दुसरे मत रसायनाचे आहे. काही रेणूंवर प्रकाश पडला की त्यांच्यातून सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या मूलकांची जोडी तयार होते, आणि त्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचे, म्हणजे त्यांच्या अंगभूत चुंबकीय गुणाचे, परस्परसंबंध बाह्य क्षेत्राने किंचित बदलतात. परिणामी रासायनिक अभिक्रियेचे उत्पादनही बदलते. क्लाउस शुल्टेन यांनी ही शक्यता १९७८ मध्ये सुचवली, आणि २००० साली थॉर्स्टन रिट्झ यांच्यासह त्यांनी डोळ्याच्या पडद्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनाकडे बोट दाखवले. निळ्या-हिरव्या प्रकाशात पक्ष्यांना दिशा सापडते आणि तांबड्या प्रकाशात ते गोंधळतात, ही निरीक्षणे या मताशी जुळतात. शिवाय अशी जोडी ध्रुवभेद ओळखू शकत नसल्याने विल्चको यांच्या निष्कर्षाचेही स्पष्टीकरण मिळते. रॉबिनच्या क्रिप्टोक्रोम-४ या प्रथिनावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, हे २०२१ मध्ये परीक्षानळीत दिसले, मात्र ते पृथ्वीच्या क्षेत्राहून पुष्कळ प्रबळ क्षेत्रात. परीक्षानळीतील प्रथिनापासून पक्ष्याच्या मेंदूपर्यंतचे अंतर अजून कापायचे आहे.

तिसरे मत विद्युतप्रेरणेचे. चुंबकीय क्षेत्रातून वाहक पदार्थ हलला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे शालेय भौतिकीतील तत्त्व शार्क आणि पाकट यांच्या बाबतीत आड्रिआनुस काल्माइन यांनी लावून पाहिले. या माशांच्या तोंडाभोवतालची, अतिसूक्ष्म विद्युतदाब ओळखणारी रंध्रे खाऱ्या पाण्यात हे काम करू शकतील. जमिनीवर आणि हवेत असा वाहक कोठून यायचा, या आक्षेपाला २०१९ मध्ये कबुतराच्या आंतरकर्णावरील संशोधनाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला : डोके हलते तेव्हा अर्धवर्तुळाकार नळ्यांतील क्षारयुक्त द्रवच हा वाहक ठरू शकतो. व्हिगिए यांची १८८२ची कल्पना अशा रीतीने पुन्हा चर्चेत आली.

तोलाचे इंद्रिय या चर्चेच्या केंद्रस्थानी येण्यास आणखी दोन निष्कर्ष कारणीभूत झाले. ले-चिंग वू आणि डेव्हिड डिकमन यांनी २०१२ मध्ये कबुतराच्या मस्तिष्कस्तंभात, तोलाची माहिती जेथे पोहोचते त्या भागात, क्षेत्राची दिशा, तीव्रता आणि ध्रुवता यांना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी नोंदवल्या. दुसरा निष्कर्ष माणसाविषयीचा आहे. एमआरआय यंत्रात शिरताना काही रुग्णांना गरगरते. आंतरकर्णातील द्रवात वाहणाऱ्या नैसर्गिक आयनप्रवाहावर यंत्राचे क्षेत्र बल लावते, त्यामुळे डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा संदेश मेंदूला जातो, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात आहे तशा ३ टेस्लाच्या यंत्राचे क्षेत्र दिल्लीतील पार्थिव क्षेत्राच्या ६० हजार पटींहून अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे या भोवळीवरून माणसाला पृथ्वीचे चुंबकत्व कळते असा निष्कर्ष काढणे किती घाईचे ठरेल, ते समजते. मानवी चुंबकसंवेदनाचे दावे याआधीही झाले आहेत. मँचेस्टरच्या रॉबिन बेकर यांचे १९८०च्या दशकातील प्रयोग इतरांना पुन्हा साधले नाहीत. २०१९ मध्ये जोसेफ किर्शविंक यांच्या गटाने क्षेत्र फिरवल्यावर काही व्यक्तींच्या मेंदूतील अल्फा लहरी मंदावल्याचे नोंदवले, तरी त्या व्यक्तींना स्वतःला काहीही जाणवले नव्हते. गाई-गुरे उत्तर-दक्षिण तोंड करून उभी राहतात, हा उपग्रहचित्रांवर आधारलेला २००८चा दावा आणि त्याचे २०११ मधील खंडन, किंवा फळमाशीवरील अनेक वर्षांच्या कामाला २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावरील प्रयोगांत न मिळालेला दुजोरा, हे या क्षेत्राच्या इतिहासाचे तितकेच महत्त्वाचे भाग आहेत.

हा ग्रंथ दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भूभाग समोर ठेवून का रचला गेला, याचे कारण येथील हिवाळ्यात आहे. मध्य आशियातून भारतीय उपखंडात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर यमुनेचे पूरमैदान, ओखला पक्षी अभयारण्य, गुरुग्रामजवळील सुलतानपूर, झज्जरमधील भिंडावास आणि या क्षेत्रात समाविष्ट असलेल्या भरतपूर जिल्ह्यातील केवलादेव ही पाणथळ ठिकाणे येतात. हिमालय ओलांडताना ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर नोंदवला गेलेला पट्टकादंब हंस येथे हिवाळा काढतो. त्याच्या वाटेवर नतिकोन सुमारे २० अंशांनी बदलू शकतो. पण एखादी खूण उपलब्ध असणे आणि प्राण्याने ती वापरणे यांत फरक आहे. हंस आणि क्रौंच कुटुंबासह उडतात व पिल्ले मोठ्यांकडून मार्ग शिकतात. केवलादेवला येणारा सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तेथे दिसला नाही, आणि ती वाट ठाऊक असलेले पक्षीच संपल्यावर पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले सोडून ती पुन्हा सुरू करता आली नाही. याउलट मंगोलियात उपग्रहयंत्र बसवलेला आणि भारतावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचलेला ‘ओनोन’ हा कोकीळकुळातील पक्षी परक्या घरट्यात वाढणाऱ्या जातीचा आहे; त्याला आईबापांनी वाट दाखवण्याचा प्रश्नच नाही. जन्मजात होकायंत्राची गरज कोणाला किती, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते. दिल्ली विद्यापीठात विनोद कुमार यांच्या गटाने हिवाळ्यात भारतात येणाऱ्या भारीट पक्ष्यांवर केलेल्या संशोधनाने प्रवासाची वेळ दिनमान आणि शरीरातील घड्याळ कशी ठरवतात, हे दाखवले. दिशेच्या अभ्यासाला या कालज्ञानाची जोड आवश्यक आहे.

या विषयाला आज जी निकड आली आहे तिचे मूळ विजेच्या वापरात आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा, जिची निरीक्षणे १८४१ पासून चालू होती, नानाभॉय मूस यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली. यंत्राला शांत जागा शोधून देता आली. पक्ष्याला तशी सोय नाही. ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात रॉबिनना दिशा सापडेना, आणि त्यांच्या खोपट्यांना जमिनीशी जोडलेले ॲल्युमिनियमचे आवरण घातल्यावर ती सापडू लागली, हे हेन्रिक मोरित्सेन यांच्या गटाने २०१४ मध्ये सिद्ध केले. अडथळा आणणारा विद्युतचुंबकीय गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता. मध्यम लहरींवरील रेडिओप्रक्षेपण आणि अनेक विद्युत उपकरणांचा गोंगाट त्यात येतो, तर मोबाइलच्या मनोऱ्यांची वारंवारता त्याहून कितीतरी अधिक असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मनोऱ्यांच्या पक्षी व मधमाश्यांवरील परिणामांसाठी २०१० मध्ये असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून सार्वजनिक चर्चा मनोऱ्यांभोवतीच फिरत राहिली. राजधानीसारख्या दाट विद्युतजाळ्याच्या शहरालगत पाणथळींचे संरक्षण करायचे, तर चर्चेने वारंवारतेचा हा भेद लक्षात घ्यायला हवा.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाचा हेतू मर्यादित पण निश्चित आहे. तिन्ही मतांना समान न्याय देऊन त्यांचे पुरावे मांडणे, प्रत्येक ठिकाणी मोजलेली गोष्ट आणि तिच्यावरून केलेले अनुमान वेगळे ठेवणे, आणि चुंबकसंवेदन हे सुटे ‘सहावे इंद्रिय’ नसून गुरुत्व, प्रकाश, तारे व काळ यांच्या जाणिवांशी गुंफलेले अवकाशज्ञान आहे, ही भूमिका तपासून पाहणे, एवढे काम त्याने अंगावर घेतले आहे. भौतिकीची ओळख नसलेल्या वाचकासाठी संज्ञा जागच्या जागी उलगडल्या आहेत आणि गणित टाळले आहे. चुंबकाने आरोग्य सुधारते असे सांगणाऱ्या गळ्यातल्या माळा, गाद्या आणि पट्टे यांना येथे जागा नाही, कारण त्यांच्या दाव्यांचा या संशोधनाशी संबंध नाही.

वाचकाने या पुस्तकातील आणि पुस्तकाबाहेरील प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा आहे : क्षेत्र बदलले तेव्हा बाकी सारे खरोखर तसेच राहिले होते का, निरीक्षकाला कोणते क्षेत्र चालू आहे हे ठाऊक होते का, आणि तोच परिणाम दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळाला का. ज्या विषयात इंद्रिय अजून हाती लागलेले नाही, तेथे हे तीन प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही एका सिद्धांतापेक्षा अधिक उपयोगाची आहे.